वानची सहल

सरहद्द ओलांडून बस तुर्कस्तानात शिरली तशी बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून पर्समध्ये कोंबले. कुणी केस मोकळे सोडले, कुणी हातातल्या आरशात बघत ओठ रंगवले, मागच्या सीटांवरच्या पोरींनी मोठ्यानं गाणं लावलं. बेहजतनं रुमाल काढला नाही. चहासाठी बस थांबली तेव्हा ती पिशवी घेऊन संडासात गेली, अंगातला काळा कोट काढला आणि मुलीनं मुद्दाम आणून दिलेला आकाशी कोट चढवला. काळा कोट घडी करून पिशवीच्या तळाशी दडपला. बाहेर आली तेव्हा दुसऱ्याच कुणाचे तरी कपडे चोरून घातल्यासारखं तिला वाटत होतं.

शेजारच्या सीटवर मेहरी खानम होती. तबरीझमध्ये तिचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं, आणि सरहद्दीपलीकडच्या वान शहराला तिच्या इतक्या खेपा झाल्या होत्या की ड्रायव्हरसुद्धा तिला आत्या म्हणायचा. तबरीझ सोडल्यापासून तिच्या तोंडाला विश्रांती नव्हती. बेहजतला आकाशी कोटात बघितलं आणि ती बोलायची थांबली.

"बेहजत खानम, कुणाचा दुखवटा होता?"

"नवऱ्याचा."

"आणि तो काय सरहद्दीपाशीच संपला?"

बेहजतला राग आला नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं याचं बरंच वाटलं. "माझा मुलगा येतोय वानला," ती म्हणाली. "जर्मनीहून. चार वर्षांनी भेटणार आहोत. त्याला अजून माहीत नाही."

"बाप गेल्याचं माहीत नाही? कधी गेले?"

"पानगळीत."

मेहरी खानम बाहेर बघत राहिली. बाहेर नुसते उघडे डोंगर होते, वर बर्फ आणि खाली मेंढरं. मग ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी सांगा. आधी त्याला नीट खाऊपिऊ दे, तुमच्याजवळ बसू दे. एकदा सांगितलंत की मग सहल संपलीच."

बेहजतच्या मनातही तेच होतं.

यशार तिचा धाकटा. जनावरांचा डॉक्टर व्हायला एकच वर्ष राहिलं होतं, तेव्हा तो मोर्चात गेला, पकडला गेला, सुटला, आणि मग त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा भोगायला हजर व्हायच्या आधीच एका पहाटे तो डोंगरातून सरहद्दीपार निघून गेला. आईला सांगून गेला, बापाला नाही. बापाला सांगितलं असतं तर त्यानं जाऊ दिलं नसतं. बापाचा, उस्ता गफ्फारचा, बूट शिवायचा कारखाना होता, हाताखाली सहा कारागीर होते, सगळा बाजार त्याला उभं राहून सलाम करायचा. यशार पळाला त्याच आठवड्यात सरकारचे लोक कारखान्यात आले. पोरगा कुठंय म्हणून त्यांनी उस्ताला त्याच्याच कारागिरांसमोर थोबाडीत मारली आणि गाडीत घालून नेलं. चार दिवसांनी सोडलं. घरी आल्यावर तो हातपाय धुऊन जेवायला बसला आणि म्हणाला, "या घरात आता त्याचं नाव नको." त्यानंतर यशारचा फोन आला की तो उठून अंगणात जायचा. चार वर्षं असंच चाललं. मग एका संध्याकाळी कामावरच त्याच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात दोन दिवस काढून तो गेला.

यशारला सांगायचं नाही, हे सोलमाझनं ठरवलं. सोलमाझ बेहजतची थोरली, धीराची. "आत्ता कळलं तर तो दुखवट्याच्या चाळिसाव्या दिवसाला येऊन उभा राहील," ती म्हणाली. "आणि मग आपल्याला दोघांसाठी रडावं लागेल." लपवणं अवघड गेलं नाही. बाप तसाही फोनवर येत नव्हताच. यशार विचारायचा, "बाबा कसे आहेत?" बेहजत म्हणायची, "आहेत तसेच." पण वसंत लागला तसं ते दोघींनाही सोसेना. सोलमाझनंच वानच्या सहलीत आईचं नाव घातलं. "समोर बसवून सांग. फोनवर नको. निदान तुला धरून रडेल तरी."

बस हॉटेलसमोर थांबली तेव्हा दुपार उतरली होती. रस्त्याच्या टोकाला सरोवर दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे, आभाळ संपतं तिथं, पांढरे डोंगर. यशार फुटपाथवर उभा होता. बेहजतनं त्याला उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं, तोंडावरून नाही. केस कपाळावरून मागं गेले होते, गालाची हाडं वर आली होती. त्यानं तिला मिठी मारली आणि सोडेचना. तिनं त्याच्या मानेचा वास घेतला. परक्या साबणाचा वास होता.

मग तिच्या लक्षात आलं, तिला धरूनही तो तिच्या खांद्यावरून बसच्या दाराकडे बघत होता. एकेक प्रवासी उतरत होता. शेवटी ड्रायव्हर उतरला आणि त्यानं दार लावलं.

"बाबा नाही आले," यशार म्हणाला.

"गुडघे, बाळा. एवढा प्रवास कुठला झेपतोय त्यांना."

"मी तीन खाटांची खोली घेतली होती." तो हसला. त्या हसण्यात त्याचं वय एकदम खाली आलं, चूक पकडल्या गेलेल्या पोरासारखं. "मला वाटलं, इतक्या जवळ आलोय तर येतील. एवढा राग आहे अजून?"

आणि बेहजतच्या तोंडून ते निघून गेलं. कुणी ढकलावं तसं. "नाही रे. राग उतरला त्यांचा. हे बघ, तुझ्यासाठी बूट पाठवलेत."

बूट पिशवीत होतेच. कारखाना आवरताना फळीवर तिला एक जोड दिसला होता, मधाच्या रंगाचा, यशारच्या मापाचा. कुण्या दातांच्या डॉक्टरनं शिवायला सांगितला होता आणि न्यायला तो आलाच नव्हता. बापाच्या हातचं काहीतरी पोराकडे असावं म्हणून तिनं तो पिशवीत टाकला होता. देताना काय सांगायचं याचा विचार केला नव्हता.

"स्वतः शिवलेत?"

"स्वतः." एवढं तरी खरं होतं.

यशार तिथंच हॉटेलच्या पायरीवर बसला, पायातले कापडी बूट काढले आणि ते घातले. उठून चार पावलं चालला. त्याचा पाय पंज्याशी रुंद होता आणि बूट तिथंच अरुंद होता. बेहजतला ते दिसलं. त्यालाही कळलं असणार, पण तो म्हणाला, "बसतायत. सैल होतील चालून चालून." मग मान खाली घालून बराच वेळ नाड्या बांधत राहिला.

दुसऱ्या दिवशी सहलीच्या लोकांबरोबर ते किल्ल्यावर गेले. सरोवराच्या काठाला लांबलचक खडक, जमिनीतून वर आलेल्या जनावराच्या पाठीसारखा, आणि त्याच्यावर किल्ला. बूट चावत होते. यशार लंगडत होता आणि लंगडतोय हे लपवत होता. "काढ रे ते," बेहजत दोनदा म्हणाली. तो ऐकेना. माथ्यावर आल्यावर एकीकडे सगळं सरोवर पसरलं, हिरवट निळं, आणि दुसरीकडे पायाशी जुनं शहर. शहर म्हणजे नुसती गवतानं झाकलेली उंचवट्याची जमीन, मधे दोनतीन मशिदी आणि एक तुटका मनोरा. सहलीबरोबरचा माणूस सांगत होता, शंभर वर्षांपूर्वी इथं घरं होती, बाजार होता, आर्मेनियन लोक होते, तुर्क होते, कुर्द होते. मागच्या सीटवरची एक पोरगी म्हणाली, "मग गेले कुठं सगळे?" त्या माणसानं विनोद केला, "तुमच्यासारखेच खरेदीला गेले ते आलेच नाहीत." सगळे हसले. बेहजत त्या हिरव्या उंचवट्यांकडे बघत राहिली. उस्ता गफ्फारला पुरलं त्या मातीवरही पहिल्या पावसानंतर असंच गवत आलं होतं.

"आई, माझा फोटो काढ," यशार म्हणाला. तटाच्या कडेवर बसून त्यानं दोन्ही पाय पुढे केले. "बूट दिसू देत. बाबांना पाठव. मी पाठवला तर उघडणार नाहीत, तुझ्याकडून गेला तर बघतील."

तिनं फोटो काढला. तो सोलमाझला पाठवला.

"बघितला का त्यांनी?"

"झोपले असतील आत्ता."

संध्याकाळी सोलमाझचा फोन आला. बेहजत न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि मग बोलली. सगळं सांगितलं.

"आई, काय करून बसलीस?"

"त्याचं तोंड बघितलं असतंस तर तूही तेच केलं असतंस."

"उद्या सांग. नाहीतर मी सांगते."

"नको. तू नको. मीच सांगेन." ती नळ बंद करून बाहेर आली. यशार खिडकीशी बसून टाचेला पट्टी लावत होता आणि शीळ घालत होता. बापाचीच शीळ, चामडं कापताना तो घालायचा ती. चार वर्षांत फोनवर तिनं त्याला एकदाही इतकं मोकळं ऐकलं नव्हतं. उद्या, ती मनाशी म्हणाली.

सकाळी न्याहारीच्या हॉटेलांच्या गल्लीत सगळी सहल लांब टेबलांना बसली. ताटल्यांनी टेबल भरलं, रानपाल्याचं पनीर, साय, मध, लोण्यात परतलेल्या पिठात फेटलेली अंडी, ऑलिव्ह, आणि चहा तर संपायचाच नाही. मेहरी खानम समोर बसली होती आणि सायीवरून वाढणाऱ्याशी भांडत होती. यशारनं आईच्या पावावर साय आणि मध लावून दिला. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "आई, मी तुमच्या बसनं येतोय."

"कुठं?"

"घरी. त्या सहलीवाल्या माणसाशी बोललो काल. बसमध्ये जागा आहे."

बेहजतच्या हातातला पाव तसाच राहिला.

"असं बघू नकोस. ऐक. दोन वर्षं आहेत ना शिक्षेची? तिकडं मी चार काढली. दिवसभर खोक्यांना चिकटपट्ट्या लावतो. खोलीवर येतो, भिंतीकडे बघतो, झोपतो. गेल्या हिवाळ्यात एक आठवडा असा गेला की मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. मग दुकानात पैसे देताना बोलायला गेलो तर आवाजच फुटेना. तुरुंगात निदान आपल्या भाषेत शिव्या तरी देतील." तो पुन्हा हसला. "मी तुरुंगाला घाबरून तिकडं राहिलो नव्हतो गं. बाबांना तोंड कसं दाखवू, त्यांनी तोंड फिरवलं तर काय करू, त्याला घाबरत होतो. आता ते राहिलं नाही. दोन वर्षं काढीन, आणि मग त्यांच्याशेजारी कारखान्यात बसेन. शिकवतील ते शिकेन."

"दोन नाहीत ती," बेहजत कशीबशी म्हणाली. "पळाल्याचीही शिक्षा देतील. वाढवतील."

"वाढवू देत. तीन धर. चार धर."

मेहरी खानमच्या कानावर सगळं पडलं होतं. तिनं चहाचा पेला आपटला. "अरे खुळ्या, तिकडची पोरं इकडं यायला डोंगरात गोठून मरतायत, आणि तू उलटा निघालास? आईच्या जिवाचा तरी विचार कर!"

"खानम, तुमचे वडील आहेत?"

"नाहीत. कधीच गेले."

"मग तुमच्यावर राग धरून बसलेलं कुणी उरलेलं नाही," यशार म्हणाला. उद्धटपणे नाही, अगदी नरम आवाजात. "तुम्हाला नाही कळायचं ते."

मेहरी खानमनं बेहजतकडे बघितलं. त्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं, सांगा, आत्ताच सांगा. बेहजतनं मान खाली घातली.

त्या दुपारी सगळ्यांना मांजरं बघायला नेलं. वानची पांढरी मांजरं, एक डोळा निळा, एक पिवळा. पोरी जाळीला नाकं लावून किंचाळत होत्या. तिथल्या माणसानं यशारला आत जाऊ दिलं, कारण यशारनं त्याला एका पिल्लाच्या कानाबद्दल काहीतरी विचारलं आणि तो माणूस खूश झाला. यशार मांडी घालून खाली बसला. पिल्लाचा जबडा उघडून बघितला, पोट चाचपलं, कानामागं चुटकी वाजवली. "हिला ऐकू येत नाही," तो जाळीतून आईला म्हणाला. "पण बघ, काही अडत नाही तिचं." त्याचे हात इतके सराईत होते, इतके शांत, की बेहजतला वाटलं, हा बाहेर आलाच नाही तर बरं. इथंच बसू दे याला. पण सांगायचं ते तेव्हाही सांगणं झालं नाही. असल्या वेळी कुठल्या आईला होईल?

चौथ्या दिवशी बेट. दुसऱ्या दिवशी सकाळी बस परत निघणार होती, म्हणजे आता पुढं ढकलायला जागाच नव्हती. नाव काठावरून सुटली. पाणी तेलासारखं संथ होतं, मागं डोंगराचं बर्फ उन्हात डोळे दिपवत होतं. बेटावर बदाम फुलले होते, आणि झाडांच्या मधोमध जुनं लाल दगडांचं चर्च, बाहेरून सगळीकडे कोरलेलं. माणसं, सिंह, हरणं, द्राक्षांचे वेल. भिंतीवर एकाला नावेतून माशाच्या तोंडात टाकत होते. बाकीचे फोटो काढत राहिले. बेहजतनं यशारचा हात धरला आणि त्याला मागच्या बाजूला नेलं, जिथं थडग्यांचे कोरीव दगड गवतात आडवे पडले होते. एका दगडी बाकावर दोघं बसले. समोर नुसतं पाणी.

"पाय दुखतायत का?"

"सोडून दे पाय. काय झालंय तुला? सकाळपासून एक घास खाल्ला नाहीस."

"तू येऊ नकोस, यशार."

"झालं का सुरू?"

"तुझे बाबा घरी नाहीत."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असणार, त्यांना पुन्हा उचलून नेलं. "कुठं नेलं?"

"कुणी नेलं नाही. गेले ते. पानगळीत. छातीत कळ आली, दोन दिवस दवाखान्यात होते."

एक पांढरा पक्षी पाण्यावर आपटून वर गेला. चर्चच्या पुढच्या बाजूनं पोरींचं हसणं ऐकू येत होतं. यशार रडला नाही. बेहजत त्याच्याकडे सरकली, तिनं हात पुढे केले. सोलमाझ म्हणाली होती तसा तो तिला धरेल म्हणून ती थांबली. त्यानं धरलं नाही.

"पानगळीत," तो म्हणाला. "म्हणजे मी बर्फ पडतानाची ती फिल्म पाठवली, बाबांना दाखव म्हणालो, तेव्हा ते नव्हते."

"नव्हते."

"आणि तू म्हणालीस, दाखवली."

"काय सांगणार होते? तू धावत आला असतास. वाटेतच धरला असता तुला."

"तो माझा प्रश्न होता, आई. माझा बाप होता. मूठभर माती टाकायची होती मला." त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. मग त्याची नजर पायांकडे गेली. "हे कुणाचे?"

तिनं वाकून त्याच्या बुटावरचं गवत झटकलं.

"आई, बूट कुणाचे आहेत?"

"शिवलेत त्यांनीच. देवाशपथ. दुसऱ्या कुणाचे होते, न्यायला आला नाही तो."

त्यानं नाड्या सोडल्या. घाई न करता एकेक बूट काढला. टाचेची पट्टी रक्तानं मोज्याला चिकटली होती. बूट त्यानं बाकावर तिच्याशेजारी ठेवले, नीट, जोडीनं.

"म्हणजे राग उतरला नव्हता."

"उतरला होता!" ती जवळजवळ ओरडलीच. आणि मग तिनं त्याला सांगितलं, पानगळीपासून जे जपून ठेवलं होतं, जे खास त्याच्यासाठी घेऊन आली होती ते. "दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि मला विचारलं, तिकडं आत्ता किती वाजले असतील? मी म्हटलं, तिकडं म्हणजे कुठं? म्हणाले, पोरगा आहे तिथं. मी सांगितलं. तर म्हणाले, मग उठला नसेल अजून. एवढंच. नंतर बोलले नाहीत. पण चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझा विषय काढला, यशार. स्वतःहून काढला."

यशार ऐकत होता. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि बेहजतला वाटलं, पोचलं. मग तो हसला.

"छान आहे," तो म्हणाला. "बुटांपेक्षा छान जमलंय."

"तुझ्या गळ्याशपथ खरं आहे."

"बूट देतानासुद्धा तू माझ्या डोळ्यांत बघूनच बोललीस, आई."

"सोलमाझला विचार. मी त्याच दिवशी तिला सांगितलं होतं."

"सोलमाझ? जी सहा महिने रोज मला म्हणतेय, बाबा अंगणात आहेत?" तो उठला. "तुझ्याजवळ एक खरी गोष्ट होती म्हणतेस. मग पहिल्या दिवशी तीच का नाही दिलीस?"

याला बेहजतकडे उत्तर होतं. ती दिली असती तर मरणही सांगावं लागलं असतं, आणि त्याचं तोंड बसच्या दाराकडे लागलं होतं. पण हे शब्दांत बांधेपर्यंत तो बदामाच्या झाडांखालून, नुसत्या मोज्यांनी, नावेकडे निघूनही गेला होता.

परतताना तो नावेच्या पुढच्या टोकाला पाठ करून बसला. मेहरी खानम बेहजतशेजारी येऊन बसली. आपली शाल काढून तिनं तिच्या खांद्यांवर टाकली. काठाला उतरल्यावर सगळे बसकडे निघाले, यशार रस्त्यावरच्या छोट्या गाडीकडे.

"हॉटेलवरून सामान घेतो आणि जातो," तो म्हणाला.

"कुठं? यशार, कुठं जातोस ते तरी सांग. तिकडं येऊ नकोस रे. तुझ्या पाया पडते."

"आता कशाला येऊ तिकडं?"

तो वाकला आणि त्यानं तिच्या हाताला ओठ लावले, हलकेच, परक्या घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या हाताला लावावेत तसे. तिनं त्याचं डोकं धरायचा प्रयत्न केला, पण तो सरळ झाला होता. गाडी भरली आणि गेली.

हॉटेलवर तीन खाटांची खोली आवरलेली होती. सकाळी बसमध्ये ती काळा कोट घालून बसली. सरहद्दीजवळ बायकांनी पुन्हा रुमाल बांधले, ओठ पुसले. तपासणीच्या रांगेत बेहजत प्रत्येक तरुण माणसाचं तोंड बघत होती. तो चालत आला तर? रागाच्या भरात येऊन उभा राहिला तर? "नाही येत तो," मेहरी खानम तिला पुढं ढकलत म्हणाली. "आता तो नाही येत. देवाचे आभार माना." बेहजतनं आभार मानले. तोंडात राख धरून कुणी मानावेत तसे.

तो जर्मनीला पोचल्याचं सोलमाझकडून कळलं. सोलमाझशी तो बोलायचा, महिन्यातून एकदा, कामापुरतं. आईनं फोन लावला की वाजत राहायचा. सोलमाझनं त्याला दवाखान्यातली ती गोष्ट पुन्हा सांगून बघितली. तो म्हणाला, "तुम्ही दोघींनी ठरवून घेतलंय ते." तिनं पुन्हा विषय काढला नाही. बेहजत मात्र ती दवाखान्यातली सकाळ इतक्यांदा मनात फिरवू लागली की एक दिवस तिची तिलाच शंका आली. उस्ता खरंच बोलला होता का तसं? की त्यानं नुसतीच वेळ विचारली होती, आणि बाकीचं आपणच जोडलं? रात्रभर जागलेल्या माणसाला काय काय ऐकू येतं. तिनं जिवाच्या आकांतानं आठवायचा प्रयत्न केला. मास्क आठवत होता, त्याचे सुकलेले ओठ आठवत होते. आवाज आठवेना.

पुढच्या वसंतात सोलमाझनं यशारला निरोप दिला, आई पुन्हा वानला जातेय. तो म्हणाला, "बघतो." तेवढ्या एका शब्दावर बेहजत निघाली. मेहरी खानम या वेळी नव्हती, शेजारी एक नवी नवरी बसली होती आणि तिला खिडकी हवी होती. बस त्याच हॉटेलसमोर थांबली. फुटपाथवर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती किल्ल्यावर गेली, कारण हॉटेलवर बसून राहिली तर लोक विचारतील. सहलीवाल्या माणसानं जुन्या शहराबद्दलचा तोच विनोद केला. बेटावर जायच्या दिवशी पाऊस होता, तरी ती गेली, नावेच्या आतल्या बाकावर ओल्या माणसांत दाटीवाटीनं बसून. चर्चच्या मागच्या बाजूला तिनं पाऊल टाकलं नाही. पुढच्याच दारापाशी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक नावेकडे बघत राहिली. शेवटची नाव सुटायच्या आधी नाववाल्यानं शिट्टी वाजवली, तेव्हा ती उतरणीवरून खाली आली.

घरी पोचली तेव्हा सोलमाझनं दार उघडलं.

"भेटला?"

"भेटला," बेहजत चपला काढत म्हणाली. "अंगानं भरलाय जरा. नीट जेवला. तुझी आठवण काढत होता."

सोलमाझचं त्याच सकाळी यशारशी बोलणं झालं होतं. तो कामावर होता, मागं खोक्यांचा आवाज येत होता. आपण गेलो नाही, एवढंच तो म्हणाला होता. तिनं आईकडे बघितलं. आईनं डोक्यावरचा रुमाल सोडायला घेतला होता आणि गाठ सुटत नव्हती.

"मग बरं झालं," सोलमाझ म्हणाली, आणि गाठ सोडायला पुढं झाली.